इमारती अशा वाकड्या का बांधतात?

पीळ दिलेला मनोरा, हवेत अधांतरी लटकणारे दहा-बारा मजले, जमिनीतूनच वर उसळून आलेलं वाटावं असं छप्पर. अशा इमारतींचे फोटो पाहून बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी निघतात. पहिली, ‘काय डोकं आहे!’ आणि दुसरी, ‘हे पडत कसं नाही?’

दुसरा प्रश्न जास्त कामाचा. त्याच्या मागे लागलं की कळतं, यातल्या कितीतरी इमारती पडू नयेत म्हणूनच तशा वाकड्या आहेत. काही मात्र निव्वळ हौसेपायी वाकड्या आहेत, आणि त्यांना उभं ठेवताना इंजिनीअरांच्या नाकी नऊ आलेले आहेत. बाहेरून पाहताना दोन्ही सारख्याच भन्नाट दिसतात. म्हणून अशी इमारत दिसली की मी एकच गोष्ट तपासतो: आकार इमारतीसाठी राबतोय, की इमारत आकारासाठी राबतेय?

हे कसं ओळखायचं, ते जरा उलगडून पाहू.

वजन सोपं, वारा अवघड

इमारतीवर येणारा सगळ्यात मोठा भार तिचा स्वतःचाच. पण वजन हा तसा सरळमार्गी शत्रू. ते कायम खालीच ओढतं, किती आहे ते आधी मोजता येतं, आणि कॉलम, भिंती, पाया अशा वाटेनं जमिनीत सोडून देता येतं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ओढ सोसत नाही. म्हणून जिथे ओढ पडणार तिथे पोलादी सळया घालायच्या. हे गणित शंभराहून जास्त वर्षं हातात बसलेलं आहे.

वारा तसा नाही. तो दिशा बदलतो, वेग बदलतो आणि जितकं वर जावं तितका जोरात वाहतो. इमारत एका उंचीपलीकडे गेली की तिचा सांगाडा किती दणकट हवा हे वजनापेक्षा वाराच ठरवतो. त्यातही गंमत अशी, की वारा समोरून ढकलतो ही खरी अडचण नसते. खरी अडचण मागच्या बाजूला असते.

वारा इमारतीवर आदळून दोन्ही बाजूंनी पुढे जातो, तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचे भोवरे तयार होतात. एक डावीकडे, मग एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे आळीपाळीनं. प्रत्येक भोवरा सुटताना इमारतीला आपल्या बाजूला किंचित ओढतो. म्हणजे वारा समोरून येतो आणि इमारत डोलते मात्र आडवी. आता प्रत्येक उंच इमारतीची डोलण्याची स्वतःची एक लय असते. झोक्यावर बसलेल्याला बरोबर वेळ साधून हलके धक्के देत गेलं की झोका चढत जातो, तसंच इथे होतं. भोवऱ्यांची लय आणि इमारतीची लय जुळली, तर साधासा वाराही तिला भलतंच हलवू शकतो. मग इमारत पडेलच असं नाही, पण वरच्या मजल्यांवर माणसांना मळमळायला लागतं.

भोवऱ्यांची लय दोन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग आणि इमारतीची रुंदी. वेग आपल्या हातात नाही. रुंदी आहे. खालपासून वरपर्यंत सरळसोट, एकाच मापाचा चौकोनी खांब बांधला, तर सगळ्या उंचीवर भोवरे एका तालात सुटतात आणि संगनमत करतात. उंचीनुसार आकार बदलत ठेवला, तर प्रत्येक पट्ट्यातले भोवरे वेगळ्या तालात सुटतात आणि त्यांचे धक्के एकत्र येत नाहीत. कारखान्यांच्या पोलादी धुराड्यांना वरच्या भागात मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळलेली दिसते, तीही याच कामासाठी. शोभेची नाही ती.

आता दुबईतल्या बुर्ज खलिफाकडे पाहा. उंची ८२८ मीटर, २०१० मध्ये खुला झाला. वरून पाहिलं तर तीन पाकळ्या दिसतात. मधोमध षटकोनी गाभा आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणारे तीन पंख, म्हणजे गाभा पिळायला लागला तर पंख त्याला धरून ठेवतात. आणि हे पंख एकदम निमुळते होत नाहीत. आळीपाळीनं, गोल फिरत फिरत एकेक पंख आखडता घेतलाय. त्यामुळे मनोऱ्याची रुंदी वर जाताना सतत बदलते आणि वाऱ्याला एकसारखी लय सापडत नाही. इंजिनीअर बिल बेकर आणि आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ यांच्या चमूनं त्यासाठी विंड टनेलमध्ये, म्हणजे लहान नमुन्यावर कृत्रिम वारा सोडून पाहायच्या बोगद्यात, चाळीसहून जास्त चाचण्या केल्या. वाळवंटातल्या फुलाची वगैरे उपमा माहितीपत्रकात वाचायला छान आहे, पण पायऱ्यांची ती चढण वाऱ्यासाठी आहे.

शांघाय टॉवरचं त्याहून स्पष्ट. ६३२ मीटर उंचीचा हा मनोरा वर जाता जाता सुमारे १२० अंशांत पिळलेला आहे. किती पीळ द्यायचा हे ठरवताना कमी-जास्त पिळाचे नमुने करून ते वाऱ्यात तपासले गेले. साध्या चौकोनी आकाराच्या मानानं वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी घटला. भार घटला म्हणजे पोलाद घटलं, आणि पोलाद घटलं म्हणजे सुमारे ५.८ कोटी डॉलर वाचले. पीळ दिल्यामुळे काचेचं काम महागलं असणार हे उघड आहे, पण इथे आकार स्वतःची कमाई स्वतः करतोय.

हाच प्रश्न न्यूयॉर्कमधल्या ४३२ पार्क अव्हेन्यूनं फार वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. चौकोनी, सरळसोट, ४२६ मीटर उंच आणि पायथ्याशी जेमतेम २८ मीटर रुंद, म्हणजे वर सांगितलं त्या हिशेबानं सगळ्यात वाईट आकार. पण आर्किटेक्ट राफाएल विन्योली यांना तो सरळच हवा होता. मग उपाय काय केला? दर बारा मजल्यांनंतर दोन मजले मोकळे सोडले, तावदानांशिवाय. वारा तिथून आरपार जातो आणि भोवऱ्यांची साखळी तुटते. आकाशाला भिडलेल्या जागेत एवढे मजले रिकामे ठेवणं म्हणजे सरळ रेषेच्या हट्टाची किंमतच.

आणि तैपेई १०१ मध्ये वाऱ्याशी भांडायचं यंत्रच टांगून ठेवलंय. ५०८ मीटर उंचीच्या या इमारतीच्या ८७ ते ९२ मजल्यांच्या दरम्यान ६६० टन वजनाचा पोलादी गोळा दोरखंडांवर लटकतोय. जाड पोलादी चकत्या एकावर एक रचून तो केलेला आहे, साडेपाच मीटर व्यासाचा. इमारत उजवीकडे झुकली की गोळा जडपणामुळे मागे राहतो, म्हणजे तिच्या मानानं डावीकडे जातो, आणि खालचे हायड्रॉलिक दट्टे त्याची हालचाल गिळून तिची उष्णता करून टाकतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सौडेलोर चक्रीवादळ आलं तेव्हा हा गोळा तब्बल एक मीटर सरकला होता. बहुतेक उंच इमारतींत असली यंत्रं छताखाली दडवलेली असतात. इथे मात्र गोळा सोनेरी रंगवून लोकांना पाहायला खुला ठेवलाय, हे मला फार आवडतं.

मुद्दाम झुकवलेल्या इमारती

इथून पुढे हौसेचा प्रांत सुरू होतो.

अबू धाबीतला कॅपिटल गेट हा मनोरा १६० मीटर उंच आहे आणि पश्चिमेकडे १८ अंश कललेला आहे. पिसाचा मनोरा चुकून चार अंश कलला होता; इथे ठरवून साडेचार पट. बारा मजल्यांपर्यंत मजले एकावर एक सरळ आहेत, त्याच्या वर प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा बाहेर सरकत जातो. असं झालं की अख्खी इमारत एका बाजूला उपटली जाऊ पाहते. म्हणून खाली ४९० पाइल, म्हणजे जमिनीत रोवलेले पायाचे खांब, २० ते ३० मीटर खोल घातले आहेत. ज्या बाजूला इमारत झुकते तिथले पाइल तिला पेलतात, आणि पाठीमागचे तिला खाली ओढून धरतात.

पण खरी हुशारी गाभ्यात आहे. काँक्रीटचा गाभा त्यांनी सरळ बांधलाच नाही. तो कलाच्या उलट दिशेला किंचित वाकवून बांधला. जसजसे मजले चढत गेले, तसतसं त्यांच्या वजनानं तो ओढला जाऊन हळूहळू सरळ झाला. प्रत्येक टप्प्याला तो किती हलेल याचा अंदाज आधीच बांधलेला. हिशेब चुकला असता तर लिफ्टच्या विहिरी तिरक्या झाल्या असत्या.

बीजिंगमधलं चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीचं मुख्यालय त्याहून धाडसी. रेम कोल्हास आणि ओले शेरेन यांची रचना, आणि अरुप या कंपनीचं इंजिनीअरिंग. २३४ मीटर उंचीचे दोन मनोरे एकमेकांकडे झुकतात आणि वर एका काटकोनी पुलानं जोडले जातात. हा पूल म्हणजे काही नुसता जिना नव्हे, नऊ ते तेरा मजल्यांची कचेरीच आहे ती, आणि तिचा कोपरा एका दिशेला ७५ मीटर बाहेर आलाय, खाली कुठलाही आधार नसताना.

बांधताना अडचण अशी, की पूल पूर्ण होईपर्यंत हे दोन स्वतंत्र मनोरे होते. प्रत्येकाची हालचाल वेगळी. दिवसा एका मनोऱ्याच्या एका अंगावर ऊन, दुसऱ्याच्या दुसऱ्या. पोलाद उन्हानं लांबतं, म्हणजे दोन्ही टोकं दिवसभर आपापल्या तालात सरकत राहणार. हलणारी दोन टोकं जुळवायची कशी? २००७ च्या हिवाळ्यात त्यांनी आधी काही दिवस दोन्हीकडच्या हालचाली मोजल्या. मग पहाटे, सूर्य वर यायच्या आत, दोन्ही मनोऱ्यांचं तापमान सारखं असताना, पहिले जोड पटकन पिना घालून पक्के केले. ते एकदा जुळले, की दोन मनोरे म्हणजे एकच वस्तू झाली आणि मग उरलेलं पोलाद निवांत चढवता आलं.

या इमारतीच्या अंगावर तिरक्या पट्ट्यांची जाळी दिसते. ती कुठे दाट, कुठे विरळ. डिझाइनची लहर वाटते ना? जिथे जोर जास्त तिथे पट्ट्या वाढवल्या, जिथे कमी तिथे काढून टाकल्या. त्यामुळे भूकंपाच्या प्रदेशातल्या या इमारतीवर कुठे किती ताण येतो याचा नकाशाच बाहेर दिसतो. इतका प्रामाणिक दर्शनी भाग फार थोड्या इमारतींना लाभलाय. तरीही माझ्या कसोटीवर ही इमारत आकारासाठीच राबणारी. तेवढ्याच कचेऱ्या साध्या मनोऱ्यात कितीतरी कमी पोलादात बसल्या असत्या.

वक्र भिंत कशी बांधतात

सरळ भिंतीचा फायदा असा, की तिचे तुकडे एकसारखे असतात. एकच साचा, हजार तुकडे. भिंत वक्र झाली, आणि तेही जागोजागी वेगळी, तर प्रत्येक तुकडा वेगळा. खर्च तिथे फुगतो.

सिडनी ऑपेरा हाउसनं हे अंगावर घेतलं. १९५७ च्या स्पर्धेत यॉर्न उट्सन यांच्या चित्रात शिडांसारखी छपरं होती, पण ती हातानं काढलेली, कुठल्याच भूमितीत न बसणारी. इंजिनीअर काही वर्षं निरनिराळे वक्र घेऊन झगडले. १९६१ मध्ये तोडगा निघाला: सगळी शिडं एकाच गोलावरून कापायची. सुमारे ७५ मीटर त्रिज्येचा एकच काल्पनिक गोल, आणि त्याचेच लहान-मोठे त्रिकोणी तुकडे. गोलावर कुठेही गेलं तरी वक्रता सारखीच असते. त्यामुळे मोजक्या साच्यांत काँक्रीटच्या फासळ्यांचे तुकडे पुन्हापुन्हा ओतता आले, आणि वरच्या १० लाखांहून जास्त टाइल्सही ठरावीक मापांत बसल्या. तरीही ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, उट्सन १९६६ मध्ये काम सोडून निघून गेले आणि पूर्ण झालेली इमारत पाहायला कधीच परतले नाहीत.

पुढच्या पिढीला संगणक मिळाला. फ्रँक गेरी यांनी स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी लाकडा-कागदाचे नमुने केले, ते संगणकात उतरवले, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं ते लढाऊ विमानं बनवणाऱ्या दासो कंपनीचं, कॅटिया नावाचं. विमानाच्या पत्र्यातही सरळ रेष क्वचितच असते, त्यामुळे निवड अचूक होती. सांगाड्याच्या तुकड्यांवर बारकोड होते. जागेवर तो वाचला की तुकडा अवकाशात नेमका कुठे बसायचा ते मॉडेलमध्ये कळायचं. वर टायटेनियमचा सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचा पत्रा. १९९७ मध्ये हे संग्रहालय ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उभं राहिलं, यावर सिडनीवाल्यांचा विश्वास बसणं कठीण. बाकूमधल्या झाहा हदीद यांच्या हेदर अलियेव्ह केंद्रात याच वाटेनं पुढे जाऊन भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं हेच पुसून टाकलंय.

पण पुनरावृत्तीचा जुना मार्गही संपलेला नाही. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये बांधलेला वॉटर क्यूब हा पोहण्याचा तलाव बाहेरून फेसासारखा दिसतो, वेड्यावाकड्या बुडबुड्यांचा. मुळात तो फारच शिस्तीचा आहे. जागेचे सारख्या आकारमानाचे कप्पे पाडायचे आणि त्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायचं, तर कप्पे कसे असावेत? हा प्रश्न १८८७ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी मांडला आणि स्वतःचं उत्तरही दिलं. १९९३ मध्ये डेनिस वेअर आणि रॉबर्ट फेलन या भौतिकशास्त्रज्ञांना त्याहून सरस रचना सापडली, दोनच प्रकारच्या कप्प्यांची. वॉटर क्यूबच्या रचनाकारांनी हा नियमित फेस घेतला, तो तिरका फिरवला आणि मग चौकोनी ठोकळ्यात कापला. तिरका काप घेतल्यामुळे पृष्ठभागावर सगळं विस्कळीत दिसतं, आत मात्र तेच तेच सांधे आहेत. बुडबुड्यांच्या जागी काच नाही, इटीएफई नावाच्या प्लास्टिकच्या हवा भरलेल्या उशा आहेत, काचेच्या तुलनेत नगण्य वजनाच्या.

ऊन विसरलं की

वजन आणि वारा सांभाळूनही एक गोष्ट राहते. लंडनमधली २० फेंचर्च स्ट्रीट ही इमारत वर जाताना रुंद होत जाते. कारण व्यवहारी आहे: वरच्या मजल्यांना भाडं जास्त मिळतं, मग वरच जागा जास्त करायची. पण त्यामुळे तिची दक्षिणेकडची काचेची बाजू आत वळली, म्हणजे चक्क अंतर्गोल आरसा झाली. २०१३ च्या उन्हाळ्यात तिनं ऊन एकवटून समोरच्या रस्त्यावर टाकलं. तिथे उभ्या असलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले, आणि एका पत्रकारानं फुटपाथवर तव्यात अंडं तळून दाखवलं. पुढच्या वर्षी काचेवर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आर्किटेक्ट तेच, विन्योली. लास वेगासमधल्या त्यांच्या ‘व्हीदारा’ या हॉटेलच्या वक्र काचेनंही २०१० मध्ये तरण तलावाजवळ बसलेल्यांना चटके दिले होते. गेरींच्या लॉस एंजेलिसमधल्या डिस्नी कॉन्सर्ट हॉलचे चकचकीत पत्रेही शेजाऱ्यांच्या घरात ऊन फेकायचे. २००५ मध्ये ते घासून मंद करावे लागले. विंड टनेलमध्ये चाळीस वेळा जाणाऱ्या धंद्यानं भरदुपारच्या सूर्याचा कोन विसरावा, हे जरा अतीच.

याच्या अगदी उलट टोकाला बुर्किना फासोतल्या गांडो गावची प्राथमिक शाळा आहे, २००१ सालची. तिचे आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे त्याच गावचे. तिथली मुख्य अडचण म्हणजे उष्मा; पत्र्याचं छप्पर टाकलं की खाली बसवत नाही, आणि पत्रा नको म्हणावं तर मातीच्या भिंती पावसात टिकत नाहीत. केरे यांनी दोन छपरं केली. खालचं विटांचं, फटी ठेवलेलं. त्याच्या वर अंतर सोडून पत्र्याचं, भिंतींच्या बरंच बाहेर आलेलं. वर्गातली गरम हवा फटींतून वर निघून जाते, दोन छपरांमधून वारा वाहतो, आणि पत्रा तापला तरी त्याची धग खाली पोचत नाही. बाहेर आलेली कड मातीच्या भिंतींना पावसापासून वाचवते. वरचं छप्पर पेलायला जड तुळया आणायची सोय नव्हती, क्रेन तर नव्हतीच. म्हणून बांधकामाच्या साध्या सळया हातकरवतीनं कापून आणि लहान वेल्डिंग मशीननं जोडून हलक्या कैच्या तिथल्या तिथे बनवल्या. तरंगल्यासारखं दिसणारं ते छप्पर कुठल्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असं आहे. २०२२ मध्ये केरे यांना प्रित्झकर हा आर्किटेक्टांचा सर्वात मानाचा पुरस्कार मिळाला.

झाडांच्या आणि लाकडाच्या इमारतींची सध्या चलती आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल दोन शब्द. संगणकी चित्रात चाळिसाव्या मजल्यावर झाड काढायला काही लागत नाही. मिलानच्या बॉस्को व्हर्टिकालेमध्ये मात्र स्तेफानो बोएरी यांच्या चमूनं झाडांची विंड टनेलमध्ये परीक्षा घेतली, मुळं बांधून ठेवली आणि ओल्या मातीचं वजन धरून सज्जे बांधले. नॉर्वेतल्या म्योस्तोर्नेतची गोष्ट तर गमतीची आहे. ८५.४ मीटर उंचीची, २०१९ मध्ये पूर्ण झालेली ही लाकडी इमारत इतकी हलकी होती, की वाऱ्यात फार हलू नये म्हणून वरच्या सात मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या कराव्या लागल्या.

माझ्या कसोटीला पुरून उरलेली एक इमारत मात्र आहे: हॅम्बर्गची एल्बफिलहार्मोनी. बंदरावरच्या जुन्या विटांच्या गोदामाच्या डोक्यावर हेर्झोग आणि द म्यूरॉन यांनी काचेचा लाटालाटांचा मुकुट चढवला, आणि त्याच्या पोटात २१०० जणांचं संगीत सभागृह. जहाजांचे भोंगे आत येऊ नयेत आणि आतला वाद्यवृंद शेजारच्या हॉटेलात ऐकू जाऊ नये, म्हणून साडेबारा हजार टनांचं ते सभागृह इमारतीपासून वेगळं करून ३६२ स्प्रिंगांवर ठेवलंय. आतल्या भिंतींवर जिप्समचे सुमारे १०,००० तुकडे, प्रत्येक वेगळा कोरलेला, ध्वनितज्ज्ञ यासुहिसा तोयोता यांच्या हिशेबानं आवाज नीट विखुरण्यासाठी. शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो जातील असं सुरुवातीला सांगितलं होतं, गेले ७८.९ कोटी, २०१० मध्ये उघडायचं ठरलं होतं, २०१७ उजाडलं. जिप्समचा एकेक तुकडा आणि एकेक स्प्रिंग संगीतासाठी राबते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वरच्या छपराच्या लाटा मात्र कुणासाठी राबत नाहीत. तरीही बंदरात शिरणाऱ्या बोटीवरून लोक फोटो काढतात ते त्या लाटांचेच.